उजवा खालचा कोपरा

४ नोव्हेंबर, मंगळवार

महिन्याभराने आज वंदनाची चाल आली. तीनला भांडी पालथी घालून बसले, फोन उघडला, तर बाई म्हणाली, "वंदनाने चाल केली. तुमची पाळी."

बाई म्हणजे फोनमधला स्क्रीन रीडर. माझे डोळे गेले त्याला नऊ वर्षं झाली, ही बाई आली त्याला पाच. शब्दांच्या खेळाचा पट तीच मला वाचून दाखवते, घर घर करत. ही रोजनिशीही मी फोनमध्ये बोलते, मग तिच्याकडून ऐकून घेते.

दसऱ्यापासून व. गायब होती. फोन लावावा तर बंद. वाटलं, कारंज्याला संत्र्याची तोडणी चालू असेल, त्यात घरचा ढाबा. कुठली सवड.

तिने 'वावर' लावलाय. मी शेवटच्या 'र'वरून 'रहाट' केला. बरं वाटलं.

६ नोव्हेंबर

एक गोष्ट लिहून ठेवते.

आमच्या पटाचा उजवा खालचा कोपरा कायम पडीत असतो. एकशे एकवीस घरं. बोट सरकवत सरकवत बाईकडून ऐकायचं, "ओळ एक, घर एक, रिकामं." तिथपर्यंत पोचेस्तोवर वरचं विसरायला होतं. एकदम खाली बोट ठेवून पाहावं तर घरं बारीक, बोट शेजारी पडतं. म्हणून मी नि व. दोघी वरच्या डाव्या बाजूलाच खेळतो. व. तर जन्मापासून आंधळी. आम्ही ट्रेनिंगच्या वर्गात भेटलो तेव्हाच ती म्हणाली होती, "ताई, तो कोपरा म्हणजे आपल्यासाठी नाईच समज."

आज तिने तिथे 'सरकी' लावला. अगदी शेवटच्या घरात 'की'.

७ नोव्हेंबर

पुन्हा तिथेच. आणि किती लवकर. माझी चाल झाली, फोन मांडीवर ठेवला, चार श्वास झाले नसतील तर उत्तर हजर.

मी नवी चाल ऐकायलाच पाच मिनिटं घेते. व. माझ्याहून हळू.

तीन-चार वेळा पाहिलं. चार श्वास, पाच श्वास. पट ज्याला दिसतो त्याचा हा हात आहे.

८ नोव्हेंबर

फोन लावला. बंद. मग खेळातल्याच निरोपाच्या खिडकीत बोलून टाकलं, "वंदे फोन काऊन लागत नाई तुहा"

उत्तर आलं. "घसा बसला आहे. बोलता येत नाही. इथेच लिही."

बाईने तीनदा थांबून वाचलं. व.च्या निरोपात बाई कधी थांबत नाही. ती बोलून लिहिते, माझ्यासारखीच. पूर्णविराम कोण बोलतं? एका दमात सगळं येतं, बाई धावत धावत वाचते. हे निरोप उभे राहतात. प्रत्येक वाक्यानंतर उभे राहून वाट पाहतात.

मग वाटलं, घसा बसलाय म्हणजे बोलून लिहिता येत नसणार. नणंद लिहून देत असेल. चालही तीच लावत असेल. एवढं साधं.

९ नोव्हेंबर, रविवार

आज चाल नाही.

हे घरी होते. जिनिंगमध्ये कारकून आहेत, सध्या कापसाचा हंगाम, रविवारच काय तो मिळतो. नऊला स्कूटीवर जातात, सव्वासहाला येतात. घरात बोलणं कमी. पहिल्यापासून कमी, डोळे गेल्यावर आणखी कमी. न बोलता माणूस मान हलवून काम चालवतो ना, तेवढं मला आता मिळत नाही.

आज बोलले ते नागपूरचंच. "मार्चमध्ये काम सोडतो. मग दादाकडं राहू. तिथं घरात माणसं आहेत."

"मले इथली पावलं माहीत आहेत."

"तू दिवसभर एकटी असते. एखाद दिवशी काही झालं म्हंजे?"

पिपरीतलं हे घर मला तोंडपाठ आहे. पलंगापासून ओटा अकरा पावलं, ओट्यापासून फाटक बावीस. दादा म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, त्यांच्या घरात मला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवून ठेवतील. सगळे चांगले आहेत. चांगलेच बसवून ठेवतात.

१२ नोव्हेंबर

मनगट भाजलं. भाकर उलटताना तवा सरकला. डावं मनगट, आतल्या बाजूने. कोरफड लावली. ह्यांना कळलं तर मार्चपर्यंतही थांबायचे नाहीत, म्हणून लांब बाह्यांचं ब्लाऊज घातलं. कळलं नाही.

कुणाला तरी सांगावंसं वाटलं. व.ला सांगितलं, मनगट भाजलं गॅसवर, घरी सांगितलं नाही.

उत्तर: "खिडकीकडचा बर्नर ना? तो मोठाच पेटतो. कमी करत जा."

बर्नरचं मी काहीच बोलले नव्हते.

व. मे महिन्यात दोन दिवस इथे राहून गेली. चहा तिने केला होता एकदा. खिडकीचा वारा तिला लागला असेल. लागला असेलच.

१४ नोव्हेंबर

आज जे लिहायला नको ते लिहिलं व.ला. खेळ चालू होता, बाहेर कोणी नाही, पंख्याचाही आवाज नाही. दुपारची तीन ते पाच ही वेळ पिपरीत अशी असते की सगळी वस्ती उठून गेली आहे आणि आपल्यालाच सांगितलं नाही.

लिहिलं: मले ह्यांचा चेहरा आठवत नाई आता.

चार श्वास झाले. दहा झाले. मी मोजणं सोडलं. चाळीस मिनिटांनी बाई म्हणाली, "कधीपासून?"

मी सगळं सांगितलं. पहिले रोज आठवून घ्यायची, झोपायच्या आधी, देवाचं नाव घ्यावं तसं. मग दोन वर्षांमागे कपाळ गेलं. मग डोळे. मग एक दिवस पाहिलं तर नुसता शर्ट उभा. आवाज राहिला, पण ते बोलतच नाहीत. कधीकधी घरात वावरतात ते हेच आहेत का, असं येतं मनात. भीती वाटते.

उत्तर आलं नाही. चालही नाही.

हे संध्याकाळी आले, जेवले, झोपले. एक शब्द नाही. ते रोजचंच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी अकराला अनोळखी नंबर. उचलला.

"ताई, वंदना बोलून राह्यली."

आवाज खणखणीत. घसा बसल्याचं नावही नाही. मी काही बोलायच्या आत तिचं सुरू. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन पाण्याच्या टाक्यात पडला. सगळे नंबर गेले. नवा घ्यायचा राहिला, आता नवऱ्याच्या फोनवरून बोलते आहे. माझा नंबर ट्रेनिंगच्या मॅडमकडून मागून घेतला. "तू म्हणत असशील, वंदी मेली का काय."

मी म्हटलं, "अगं पण आपला खेळ तर चालू आहे."

"कोणता खेळ?"

"तू रोज खेळतेस माझ्यासंग. दोन आठवडे झाले."

मागे ढाब्यावर ट्रक लागत होता, त्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"ताई, मी दसऱ्यापासून फोनले हातच नाई लावला. तू कोणाशी खेळून राह्यली?"

दुपारी फोन उघडला नाही. उशीखाली ठेवला. तिथून बाई बोलली. उशीतून शब्द कळले नाहीत.

१९ नोव्हेंबर

रात्रभर डोक्यात तेच. मी काय काय सांगितलं. मनगट. चेहरा. दुपारी एकटी असते ते. आणि ऐकणारा कोण?

तेवीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली मी. दोन माणसांच्या मध्ये बसायचे. 'हॅलो'वरून माणूस ओळखायचे, कोण आजारी, कोण भांडून बोलतोय. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो. बाईच्या आवाजात सगळे सारखे.

पूर्णविराम मात्र असतात. ऱ्हस्वदीर्घ मला ऐकू येत नाही, पण "इथेच लिही" असं छापील बोलणारं कोण आहे आमच्यात? अर्ज लिहिणारा माणूस. बिलं, पावत्या, पत्रं.

'सरकी'. जिनिंगमधला शब्द.

रविवारी एकही चाल आलेली नाही.

मेमध्ये व.च्या फोनमध्ये हा खेळ ह्यांनीच घालून दिला होता. तिचं नाव, तिचा पासवर्ड, सगळं ह्यांनीच टाकलं. व. म्हणाली होती, "भाऊजी, तुमच्याजवळ लिहून ठेवजा, मी विसरते."

फोन उशीखालीच राहू दिला. कशाने ते सांगता येत नाही. परका असता तर फक्त भ्यायले असते.

२० नोव्हेंबर

खात्री करायची ठरवली. खेळात लिहिलं, "गोरसपाक खावासा वाटून राह्यला खूप दिवस झाले"

उत्तर: "मिळेल." एवढंच.

२१ नोव्हेंबर

सव्वासहाला हे आले. ताटाशेजारी पुडा ठेवला. कागदाचा आवाज, मग तुपाचा वास.

"काय आहे?"

"गोरसपाक. दिसला रस्त्यात."

दिवाळीनंतर घरात गोरसपाक आला नव्हता. तुपातली दोन बिस्किटं खाल्ली मी. त्यांनी खाल्ला का माहीत नाही.

विचारणार होते. मग ते म्हणाले, "मनगटाले मलम आहे कपाटात. वरच्या कप्प्यात." आणि बाहेर जाऊन बसले.

म्हणजे वाचलंय. मनगट वाचलं तर चेहराही वाचला. तो नुसता उभा शर्ट वाचला. चाळीस मिनिटं जिनिंगमध्ये, कापसाच्या ढिगापाशी, फोन हातात घेऊन...

माझ्याशी बोलायला त्यांना वंदना व्हावं लागलं. मला त्यांच्याशी बोलायलाही तेच.

राग यायला पाहिजे होता. यायचा आहे बहुतेक.

२३ नोव्हेंबर, रविवार

चाल नाही. येणारच नव्हती. हे दिवसभर घरात, आणि आम्ही दोघं गप्प. पंधरा दिवसांत जेवढं बोललो त्याच्यातला शंभरावा हिस्साही नाही.

व.ला फोन केला. सांगितलं, माझा काहीतरी गोंधळ झाला होता. ती म्हणाली, "नवा फोन घेतला की मी खरी येते खेळायले. तोवर त्या दुसरीले सांग, कोपरा सोड म्हणा."

हसले. मग हसू थांबलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

तीन वाजता लिहिलं. या वेळी बोलून नाही, एकेक अक्षर शोधून, पूर्णविराम देऊन.

"नागपूरला मी येणार नाही. तुम्ही मात्र संध्याकाळी लवकर येत जा. एकदा चेहरा पाहू द्या, हाताने."

व.ला कोणी 'तुम्ही' म्हणत नाही. कळायचं ते कळलंच असेल.

मग बाईने तिच्या सपाट आवाजात वाचलं, "उद्या येतो."

येतो. 'येते' नाही. दोनदा ऐकलं.

२६ नोव्हेंबर, सकाळ

कालचं काल लिहिता आलं नाही.

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती, बाईला वेळ विचारली होती नुकतीच. फाटक हललं. मी दुपारी आतून कडी लावते. हे आले की स्कूटीचा हॉर्न तीनदा, मग मी जाऊन काढते. काल स्कूटीचा आवाज नव्हता. वाटलं, कोपऱ्यावर उभी केली असेल. संकोच वाटत असेल, वाजतगाजत यायचा.

बावीस पावलं. कडी काढली.

"आले लवकर?"

"हं."

कापसाचा वास, सरकीचा, शर्टावर बसलेल्या धुळीचा. मी पुढे, ते मागे. चपला काढल्याचा आवाज आला नाही, पण मी तेवढं लक्ष दिलं नाही. पदर सारखा करत होते. तिसाव्या वर्षी संसाराच्या.

चहा ठेवला. दोन कप. ते खुर्चीत बसले, मी पलंगावर. कुणी बोललं नाही. पण ही शांतता नेहमीची नव्हती. नेहमीच्या शांततेत हे दुसरीकडे तोंड करून असतात, ते मला कळतं, श्वास भिंतीवर जातो. काल समोर तोंड होतं. श्वास माझ्याकडे येत होता.

त्यांनी माझं डावं मनगट धरलं आणि भाजलं होतं बरोबर तिथे अंगठा ठेवला. बाही खाली होती. तरी बरोबर तिथे.

मी म्हटलं, "पाहू?"

"हं."

दोन्ही हातांनी पाहिलं. कपाळ आधी, कारण कपाळ आधी गेलं होतं. उभ्या दोन रेघा. भुवया दाट. डोळे मिटलेले, पापणी माझ्या बोटाखाली थरथरली. नाक. डाव्या गालात खड्डा, दाढ काढलेली, कधी काढली मला माहीत नाही. हनुवटी गार. गाल गार. थंडी सुरू झालीय, वाऱ्यातून आलेला माणूस, म्हटलं होणारच.

आणि चेहरा आला. सांगता येत नाही. नऊ वर्षांनी समोर उभा राहिला, म्हातारा झालेला, आणि माझ्याकडे पाहत असलेला.

रडले मी. त्यांनी चहा संपवला. उठले. फाटकापर्यंत गेल्याचं ऐकलं. वाटलं, स्कूटी आणायला गेले.

मी तशीच बसून राहिले. किती वेळ, कोण जाणे.

स्कूटी आली. हॉर्न तीनदा. मग फाटक ढकलल्याचा आवाज, आणि हे आत.

"कडी काऊन उघडी? आन् अंधारात काऊन बसली? कोणी आलं तर समजते तरी का तुले?"

बाईला वेळ विचारली. सहा वाजून एकवीस.

चपला काढल्या, आपटून, रोजच्यासारख्या. स्वयंपाकघरात गेले. दिव्याचं बटण.

"मंदा. दोन कप आहेत. कोण आलतं?"

"तुम्हीच."

नळ सुरू झाला. कप विसळल्याचा आवाज आला, आधी एक, मग दुसरा. नळ बंद झाला. तरी ते तिथेच उभे होते.

जेवताना पापड कुठल्या बाजूने चावतात ते ऐकत होते. समोर बसूनही कळलं नाही. हात पुढे करावासा वाटला, चेहऱ्याकडे. केला नाही.

२६ नोव्हेंबर, संध्याकाळ

आज सरळ विचारलं. ह्यांनी शर्ट बदलायच्या आत.

"वंदनाच्या नावानं तुम्हीच खेळता ना?"

खुर्चीत बसले, मग म्हणाले, "तू कोणाशीच बोलत नव्हती. वंदनाचा फोन बंद झाला म्हटल्यावर तू दुपारभर नुसती बसून राह्यत होती. शेजारणीनं सांगितलं मले."

"कोपऱ्यात काऊन लावत होते?"

"कोणत्या कोपऱ्यात? जागा दिसन तिथं लावत होतो."

मग म्हणाले, "दादाले फोन केला आज. नागपूरचं नाई म्हणून सांगितलं."

मला रडू आलं पाहिजे होतं. मी विचारलं, "आन् काल? काल पाच वाजता?"

"सोमवारच्या गाड्या काल अजून खाली व्हायच्या होत्या, मंदा. मी वजनकाट्यावरून हललोच नाई सहापर्यंत."

"तुम्ही लिहिलं होतं. उद्या येतो म्हणून."

"लिहिलं होतं." खुर्ची सरकली. "जमलं नाई. तेच सांगणार होतो काल आल्याबरोबर. मग कप दिसले."

खोटं बोलत असतील. लाजेने. हा माणूस लाजेने काहीही करेल, वंदना झाला तो. आला असेल, रडणारी बायको झेपली नसेल, जाऊन पुन्हा आला असेल. मी तेवीस वर्षं आवाज ऐकलेत. आवाजात खोट नव्हती. होती ती भीती, आणि ती लपवत होते.

मी विचारू शकले असते, डावीकडची दाढ काढली का हो कधी. नाही विचारलं. 'नाही' म्हणाले असते तर मग काल आलेला चेहरा मला परत द्यावा लागला असता. तो माझ्याजवळ आहे अजून. आत्ताही आहे. कपाळासकट.

त्यांनी फाटकाला नवीन कुलूप आणलं आहे. "उद्यापासून दुपारी हे लावत जाय."

"बरं."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

गाड्यांची रांग आहे म्हणाले, उशीर होईल. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. असं कधी करत नाहीत.

खेळ उघडला नाही. वंदनाच्या नावाने आता कोणी लिहिणार नाही, असं ठरलंय आमचं.

कुलूप टेबलावर आहे, कागदातच. हाताला तेल लागलं त्याचं.

साडेचार वाजले. चहाचं पाणी ठेवलं, दोन कपांचं. मग बावीस पावलं जाऊन फाटकाची कडी काढून आले.